नव्या चांदाला आवतण

माझ्या लहानपणी, म्हणजे नव्वदच्या दशकात, मुरबाडकडच्या आमच्या गावात लग्नाला भटजी येऊ लागला होता. पण तो मंगलाष्टकं म्हणायचा, दक्षिणा खिशात घालायचा आणि मुरबाडची जीप गाठायला पळायचा. त्याने लावलेलं लग्न आमच्या बायकांच्या लेखी अर्धंच. उरलेलं अर्धं, आणि तेच खरं, धवलारीण लावायची. धवलारीण म्हणजे आमच्यातलीच एखादी जाणती बाई. हळदीपासून पाठवणीपर्यंत ती मांडवात बसून गाते आणि गाता गाता सगळ्यांना लग्नाचं आवतण देते. सगळ्यांना म्हणजे गावदेवीला, वाघोबाला, नदीला, सिद्धगडाच्या डोंगराला, पितरांना, चांद-सूर्याला. ज्याला बोलावलं तो येऊन बसतो आणि पुढे जन्मभर त्या जोडप्यावर लक्ष ठेवतो. जो राहून गेला तो रुसतो. आमच्या पंचक्रोशीची धवलारीण माझी आत्या होती.

आत्या वडिलांची थोरली बहीण. तिला गावातच दिली होती, दोन घरं सोडून, त्यामुळे तिचा मुक्काम आमच्याच पडवीत असायचा. अंगाने काटकुळी, आवाज मात्र असा की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायची. ती गायला बसली की मी टिंगल करायचे. "आत्या, एवढ्या लोकांना बोलावतेस, जेवायला पुरेल का?" ती गाणं न थांबवता माझ्या पाठीत धपाटा घालायची. तिच्यावर माझा जीव होता आणि तिच्या देवांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदत होत्या.

२००२ साली गणपती बसलेले असताना वडिलांनी ती बातमी आणली. ते मुरबाडच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे आणि तिथला शिळा पेपर घरी आणून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. पृथ्वीला आणखी एक चंद्र मिळाल्याची शक्यता आहे, असं त्यात होतं. एक छोटा लघुग्रह फिरता फिरता पृथ्वीच्या ओढीत सापडला आहे आणि आपल्याभोवती फिरतो आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीतून दिसतो. वडिलांनी वाचताना 'शक्यता' हा शब्द गिळला. त्यांना बातमी ठसठशीत आवडायची.

मी हातातलं काम टाकून अंगणात गेले आणि वर बघत राहिले. ढग होते, काहीच दिसलं नाही. आपल्या डोक्यावर दुसरा चंद्र येऊन बसतो आणि आपल्याला पत्ताच नाही, हे मला चमत्कारिक वाटलं. आत आत्याची उलटतपासणी सुरू झाली होती.

"कवापासून आलाय रे तो?"

"या उन्हाळ्यापासून म्हणतात, बाय."

"म्हंजी उन्हाळ्यातल्या लग्नांना राह्यला बोलवायचा." तिचा चेहरा उतरला. "बाई हाय का बाप्या?"

"चंद्र म्हणजे बाप्याच की."

"रंग कंचा?"

'माहीत नाही' हे दोन शब्द माझ्या वडिलांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. "पांढरा," ते म्हणाले.

तुळशीचं लग्न झालं, भात खळ्यावरून घरात आलं आणि लग्नं सुरू झाली. त्या मोसमात आत्याच्या आवतणात एक नवी ओळ आली. थोरल्या चांदाला बोलावून झालं की ती धाकट्याला बोलवायची: दूर देशीचा पाव्हणा तू, मांडवी येऊन बैस रे. बायकांना ती ओळ फार आवडली. आपली धवलारीण कुणालाच विसरत नाही, नव्या माणसाला आल्या आल्या पाटावर बसवते, याचा गावाला अभिमान वाटला. माझंही लग्न ठरलेलं होतं. चैत्र-वैशाखात व्हायचं होतं. माझ्या वेळी धाकट्या चांदासाठी चांगली चार कडवी लावीन, असं आत्या सगळ्यांना सांगत सुटली होती.

जानेवारीत आमच्या कॉलेजच्या मुली शहापूरला विज्ञान प्रदर्शन बघायला गेल्या, त्यात मी होते. तिथे एका शाळेच्या मुलांनी थर्माकोलवर तक्ता केला होता. वर लिहिलं होतं, 'लघुग्रह की रॉकेट?' मी सहज वाचायला लागले आणि हातातली चिक्की तशीच राहिली.

तो चंद्र नव्हता. लघुग्रहही नव्हता. तीसेक वर्षांपूर्वी चंद्रावर माणसं घेऊन गेलेल्या एका रॉकेटचा तो रिकामा तुकडा होता. रॉकेटचे टप्पे असतात. एकेकाचं इंधन संपलं की तो सोडून द्यायचा आणि पुढे जायचं. हा शेवटचा टप्पा, चार-पाच मजली इमारत आडवी पाडावी एवढा लांब. माणसं पुढे गेली, चंद्रावर चालून घरी परत आली, आणि हा भरकटत सूर्याभोवती फिरत राहिला. मग इतक्या वर्षांनी पुन्हा पृथ्वीपाशी आला. शास्त्रज्ञांना आधी तो दगडच वाटला. त्याच्यावरून येणारा उजेड तपासला, तेव्हा तो दगडाचा उजेड नव्हता, पांढऱ्या ऑइल पेंटसारख्या रंगाचा होता. आम्हाला बातमी मिळाल्यावर थोड्याच दिवसांत हे सगळं उघडही झालं होतं. पण तेव्हा आमच्याकडे भात कापणीला आलं होतं आणि कारखान्यातला पेपर वडिलांनी आणला नव्हता.

तक्त्यासमोर मी हबकून उभी राहिले. माणसं एवढं मोठं धूड आकाशात टाकतात, विसरून जातात, आणि ते परत आलं तर ओळखतही नाहीत, हे मला खरंच वाटेना. मागून मुली ओढायला लागल्या. मग मला आत्याची ती ओळ आठवली आणि हसू आलं. आत्याने रंगवलेलं पिंप पाटावर बसवलं होतं. घरी जाऊन कधी एकदा सांगते असं झालं. चला, एक पाहुणा कमी झाला, माझ्या लग्नात चार कडवी वाचली.

आत्या आमच्या पडवीत वाल सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं, हातवारे करून, रंगवून. ती हसली नाही. शेंग हातात धरून तिने मला पुन्हा सांगायला लावलं. मग एकेक विचारायला लागली.

"माणसांनीच टाकला?"

"हो."

"काम झाल्याव टाकला?"

"हो ग. रिकामा झाला, सोडून दिला."

"नि त्यांनी मागं वळून बघितलं नाय."

"कशाला बघतील?"

"नि तो परत आला."

तिच्या हातातली शेंग खाली पडली. चेहरा असा पांढरा पडला की मी पाणी आणायला धावले. मला अजूनही कळलं नव्हतं. आत्या पाणी न पिता म्हणाली, "पोरी, तो उतारा हाय गो."

उतारा आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. घरात कुणी आजारी पडलं, पोर दूध प्यायचं थांबलं, की भात, लिंबू, हळद-कुंकू माणसावरून ओवाळायचं आणि तिन्हीसांजेला गावाबाहेर तिठ्यावर नेऊन टाकायचं. टाकणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. त्याला कुणी हाक मारायची नाही. घरातली सगळी पीडा त्यात बांधून गेलेली असते. तो ओलांडायचासुद्धा नाही, मग घरात आणायची गोष्टच सोडा. आणि आत्याने माणसांनी टाकलेलं, न वळता सोडून दिलेलं, स्वतःहून परत आलेलं काहीतरी हाका मारून मांडवात घेतलं होतं. एकदा नाही. त्या मोसमातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक नवरीच्या शेजारी.

मी हादरले. कुठल्या कुठे नेलं हिने, असं झालं. "आत्या, ते पत्र्याचं आहे," मी ओरडले. "त्याला ना लिंबू लावलंय ना कुंकू. ते लाखो मैल लांब आहे." ती म्हणाली, "बोलावल्याव लांब काय नि जवळ काय." आणि उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं की त्या मोसमात तिने लग्न लावलेल्या प्रत्येक पोरीच्या सासरी ती जाणार. झालेली चूक तिथे सांगणार, पोरीच्या हातात तांदूळ-नारळ देऊन दोष स्वतःवर घेणार. वडिलांनी डोक्याला हात लावला. बातमी त्यांनीच आणली होती, त्यामुळे त्यांना फार बोलता येईना. "तिला एकटी नको धाडू," ते मला म्हणाले, आणि मी चरफडत तिच्याबरोबर निघाले.

पहिली काही घरं विनोदातच गेली. आत्या उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगायची. रॉकेट म्हणजे काय ते मला समजावून द्यावं लागायचं. लोक आधी घाबरायचे, मग पोरीकडे बघायचे. पोरगी धडधाकट, तोंडभर हसत चहा आणायची. आत्या तिच्या हातात तांदूळ घालून काहीतरी पुटपुटायची आणि आम्ही निघायचो. एका सासूने मात्र आम्हाला चांगलंच झापलं. सुनेच्या पायगुणाने म्हैस व्यालीय, आता नसतं काही डोक्यात भरवू नका, म्हणाली. मला ती सासू आवडली.

एक पोरगी शहापूरच्या बाजूला दिली होती. आमच्या गावाच्या कडेला जी वाडी आहे, तिथली. त्यांना स्वतःची जमीन नाही. आईबाप लोकांच्या शेतावर जायचे, दिवाळीनंतर वीटभट्टीवर. पोरीचं लग्न लावून ते भट्टीवर गेले ते अजून परतले नव्हते, म्हणजे लग्नानंतर तिच्याकडे माहेरचं कुणी फिरकलंच नव्हतं. सापगावला जीपमधून उतरून आम्ही बरंच आत चालत गेलो.

सासू दारात होती. आत्याने नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. सासू आणि मागे उभा असलेला मुलगा एकमेकांकडे बघायला लागले. पोरगी नदीवर गेलीय, असं सासू म्हणाली. तेवढ्यात आत भांडं वाजलं. आत्या म्हणाली, "मी बसते. नवरीच्या हातात तांदूळ पडल्याबिगर दोष जात नाय."

शेवटी पोरगी बाहेर आली. डोक्यावरून पदर, तोच हातावरून ओढलेला. माझ्याहून लहान होती. आत्याने ओंजळ पुढे करायला सांगितली. तिने एकच हात पुढे केला. आत्याने पदर बाजूला करून दुसरा धरला, आणि मी बघितलं.

मनगटापासून वर उलथण्याच्या पात्याएवढा भाजल्याचा डाग. त्याच्या बाजूला जुना, सुकत आलेला. वर दंडावर काळेनिळे वळ, चार बोटांचे चार. पोरगी आमच्याकडे बघत नव्हती, जमिनीकडेही नाही. कुठेच बघत नव्हती. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याने माझा पाय आपल्या पायाखाली दाबला.

आत्याने तांदूळ तिच्या हातात घातले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटून बराच वेळ पुटपुटली. मग सासूला म्हणाली, "इथं नाय व्हायचं. हिला गावदेवीम्होरं न्यावं लागंल. पाच दिस. नायतर तुमच्या घराव येल." तसलं काही नसतं. आत्याने आयुष्यात गावदेवीच्या नावाने खोटं सांगितल्याचं मला दुसरं उदाहरण माहीत नाही. सासू घाबरली आणि पोरगी अंगावरच्या साडीनिशी आमच्याबरोबर निघाली. जीपमध्ये तिला मध्ये बसवलं होतं. राग कुणावर काढावा ते मला कळत नव्हतं.

मुरबाडला आधी तिला डॉक्टरला दाखवलं, मग गावी आणलं. पाच दिवस झाले, दहा झाले. तिच्या आईबापांना निरोप धाडून बोलावून घेतलं. मग एका सकाळी सासरची चार माणसं न्यायला आली. देवळासमोर बैठक बसली.

मला वाटलं होतं की ते नाकारतील, म्हणतील चुलीवर पडली. त्यांनी तसलं काही केलं नाही. नवऱ्याचा चुलता पुढे झाला आणि शांतपणे बोलला. "आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. पोराचा हात कसा उठला आमालाच म्हायीत नाय. मंग ही बाय आली नि हिनंच सांगितलं. मांडवात उतारा बोलावला. आता तुमीच सांगा, पोराचा काय दोष? शांत करून घेऊ. खर्च आमी करू. पोरगी धाडा."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. त्याहून मोठा धक्का म्हणजे लोक माना हलवू लागले. सगळ्यांनाच ते सोयीचं होतं. सासरचे सुटत होते. गावाला भांडण नको होतं. पोरीचा बाप, ज्याला परत भट्टीवर जायचं होतं, त्याचाही चेहरा सैल झाला. आपल्या जावयाने हे केलं, यापेक्षा आकाशातल्या कशाने तरी केलं, हे त्याला ऐकायला बरं वाटलं. मी मध्ये बोलायला गेले, रॉकेट, पत्रा, लाखो मैल. कुणीतरी म्हणालं, "तू गप गो. तुझ्या आत्यानंच कबूल केलंय." पोरगी देवळाच्या पायरीला टेकून बसली होती. तिने डोळे मिटले.

मग सगळे आत्याकडे बघायला लागले. पंचांतल्या थोरल्याने विचारलं, "काय गो, बोलवलं होतंस ना त्याला?"

ती हो म्हणाली की पोरगी त्या घरात परत जाणार होती. नाही म्हणाली तर खोटी पडणार होती. ती उठली, पोरीजवळ गेली आणि तिचा दंड सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"बोलवलं मी," ती म्हणाली. "पाप माझं हाय, मी फेडीन. पण उताऱ्याला हात नसतात. ही बोटं हायेत. चार हिकडं, आंगठा तिकडं. उतारा चुलीतलं उलथनं काढत नाय. हे ज्याचं हाय त्यानं म्होरं यावं नि या वळांवर आपली बोटं ठेवून दाखवावी. नाय बसली तर पोरगी घेऊन जा."

नवरा खाली मान घालून बसला आणि त्याने हात मांडीखाली घेतले. ते सगळ्यांनी बघितलं. पोरीची आई, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, पुढे आली आणि पोरीला उठवून घरी घेऊन गेली. बैठक तिथेच संपली. पुढे पोलीस, कागद, तारखा असं बरंच झालं, ते रखडायचं तसं रखडलं. पण ती पोरगी त्या घरात परत गेली नाही.

मी हवेत होते. आत्याने काय तोंड बंद केलं त्यांचं, हे मी कॉलेजात सांगत सुटले. मला वाटलं, चला, तिच्या डोक्यातून तो उतारा गेला. मग माझ्या लग्नाची हळद लागायची वेळ आली आणि मांडवात दुसऱ्याच गावची धवलारीण येऊन बसली. मी हळदीच्या अंगाने उठून आत्याच्या घरी गेले. ती निवांत तांदूळ निवडत होती.

"तूच म्हणालीस ना, उताऱ्याला हात नसतात?"

"म्हणले."

"मग?"

"ते पोरीसाठी म्हणले. ती जिती राह्यला पायजे होती." तिने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "त्या पोराच्या हातात काय शिरलं नि कुणी बोलवलं, ते माझं मला म्हायीत हाय."

मला रडू कोसळलं. माझ्याच लग्नात, पिवळ्या अंगाने, मी तिच्यासमोर बसून भांडले. तिला सांगितलं की तो माणूस तसाच होता, बैठकीतल्या सगळ्यांना ते कळलं, मग तुला का कळत नाही. तिने माझे डोळे पदराने पुसले आणि म्हणाली, हळद ओघळतेय. माझ्या लग्नभर ती मांडवाबाहेर चुलवणापाशी बसून राहिली. तिने तोंड उघडलं नाही, जेवायलाही नाही.

जूनमध्ये तो तुकडा पृथ्वी सोडून पुन्हा सूर्याकडे गेला. मी पेपरात वाचलं आणि तेवढ्यासाठी माहेरी आले. आत्या पेरणीत होती. "गेला ग आत्या," मी बांधावरून सांगितलं. तिने विचारलं, "कुणी घालवला?" मी म्हटलं, कुणी नाही, आपला आपण गेला. "मंग येल," ती म्हणाली आणि कामाला लागली. पेपरातही तेच लिहिलं होतं, काही दशकांनी कदाचित परत येईल. ते मी तिला सांगितलं नाही.

नंतर आत्या कुठल्याच लग्नात गायली नाही. मी माहेरी गेले की ती आधी माझे दोन्ही हात धरायची, बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची आणि उजेडात बघायची. सुरुवातीला मला बरं वाटायचं. माझा नवरा साधा, सरळ माणूस आहे, त्याने कधी आवाजही चढवला नाही, आणि दर खेपेला माझे हात स्वच्छ असायचे. निदान हे बघून तरी तिच्या मनातलं ओझं हलकं होईल, असं मला वाटायचं. एकदा तिने बांगड्या खाली केल्या आणि समाधानाने म्हणाली, "बरं झालं मी तुझ्या लग्नात गायले नाय." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती माझ्या हातांवर इतकी वर्षं काय वाचत होती.